क्लिअर मारून बघा

आमच्या तिसगावात दुखण्यावर दोन उपाय चालतात. दुखणं अंगाचं असेल तर वृद्धेश्वराला नाहीतर मढीच्या कानिफनाथांना नवस, आणि ऑनलाइनचं असेल तर "कॅशे क्लिअर मारून बघा". श्रद्धा दोन्हीकडे लागते. दुसऱ्यात गुण आला नाही तर सर्व्हरला शिव्या घालायची सोय आहे, एवढंच त्याचं जास्त.

ऑनलाइन कामं करून देणारा आमचा पोरगा हा मंत्र दिवसभर जपतो. सातबारा असो, पीक विमा असो की उत्पन्नाचा दाखला. साइटवरचं चक्र गरगरत राहिलं की त्याची बोटं आपोआप कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीटवर पडतात. मग मशीन अदबीनं विचारतं, किती जुनं पुसू? तासाभराचं, दिवसाचं, आठवड्याचं, की सगळंच? पोरगा सगळंच पुसतो. एवढी निर्दयता त्याच्या उधारीच्या वहीबाबत दिसती तर आमचं भलं झालं असतं.

ब्राउझर बिचारा कष्ट वाचवायला बघतो. एकदा पाहिलेल्या साइटची चित्रं, रंगरूप, आतला कोड तो आपल्याच मशीनवर जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुढे करतो. चावडीच्या पायरीवर बसलेल्याला "भाऊसाहेब आहेत का?" विचारावं आणि त्यानं आत न डोकावता "आत्ताच पाहिले की" म्हणावं, तशातली गत. पाहिलेले असतात परवा. पण दोष एकट्या पायरीवरच्याचा नाही. किती काळ हेच सांगत राहायचं, ते सर्व्हरनंच त्याला बजावलेलं असतं. कित्येक फायलींवर ३१५३६००० सेकंदांची मुदत असते, म्हणजे अख्खं वर्ष! मुदत संपली की ब्राउझर विचारतो, "काही बदललं का?" बदललं नसेल तर सर्व्हर फाइल पाठवतच नाही, नुसता '३०४' हा आकडा पाठवतो. रेंजची मारामार असलेल्या गावात हा उपकारच म्हणायचा. तेच बोधचिन्ह घेऊन डेटानं रोज करंजी घाट का चढावा?

घोळ होतो तो वरचं बदललं आणि खाली कुणी सांगितलंच नाही, की. मंत्रिमंडळ गेलं तरी साइटच्या माथ्यावर जुनेच मंत्री हसत राहतात. मतदारांनी घरी बसवलेल्यांना ब्राउझर खुर्चीवर ठेवतो. फॉर्म नवा आणि आतला कोड जुना असला, की 'सबमिट' नुसतं दबतं, पुढे काही होत नाही.

नेटस्केप कंपनीत काम केलेल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक वचन सांगतात. संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशेतलं शिळं वेळेवर काढणं आणि नावं ठेवणं. त्यांना आमचा जिल्हा ठाऊक नसावा. ३१ मे २०२३ ला चौंडीत नामांतराची घोषणा झाली, २०२४ मध्ये शिक्कामोर्तब झालं, आणि अवघड गोष्टी दोन्ही एकदमच आमच्या वाट्याला आल्या. एका यादीत अहमदनगर, दुसरीत अहिल्यानगर. दोन्ही 'अ'वरच आहेत म्हणून यादीत फार खाली जावं लागत नाही. एसटीचा कंडक्टर मात्र पाटी बदलली तरी "नगर, नगर" असंच ओरडतो. त्याच्यापुढे कंट्रोल-शिफ्ट-डिलीटचा इलाज चालत नाही.

परवा एक नाना कुठल्याशा योजनेच्या कामाला आले होते. पान पांढरं फटक. पोरानं क्लिअर मारलं आणि काय आश्चर्य, साइट उघडली! पण पुसताना त्यानं कुकीजवरही खूण केलेली, त्यामुळे लॉगिन उडालं. पुन्हा आधार नंबर, पुन्हा ओटीपी. ओटीपी जातो नानांच्या मुलाच्या मोबाईलवर, मुलगा चाकणला कंपनीत सेकंड शिफ्टला, आणि मोबाईल लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत दहा मिनिटं, शिफ्टची आठ तास.

"आता हो?" नानांनी विचारलं.

"रात्री बारानंतर फोन लावा नाना, अन् आलेला नंबर सांगा."

"तवर तुझं दुकान उघडं राहील का?"

पोरानं उत्तर दिलं नाही. त्यानं परत एकदा कॅशे क्लिअर मारलं.