पगार नाही, मान घ्या

अमेरिकेतल्या कॉलेजात ‘मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र, मायनर (जोडविषय) इटालियन’ म्हटलं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: याने पोट भरेल का?

प्रश्न जुनाच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजने १८२५ मध्ये इटालियनचे पहिले प्राध्यापक म्हणून लोरेंझो दा पोंते यांना नेमलं. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ची संहिता लिहिणारे हे गृहस्थ अमेरिकेत येऊन किराणा मालही विकून चुकले होते. कॉलेजने पद दिलं, पगार नाही. विद्यार्थ्यांनी फी भरली तर कमाई. विद्यार्थी लवकरच आटले. किराण्याला निदान गिऱ्हाईक तरी होतं!

पुढे प्रगती झाली. हायस्कूलच्या मुलांसाठीची कॉलेज-पातळीची ‘एपी’ इटालियन परीक्षा २००९ नंतर पुरेशा मुलांअभावी थांबली, आणि ती पुन्हा सुरू करायला इटलीच्या सरकारलाही खिशात हात घालावा लागला.

पिझ्झावाल्यांनी मात्र अजून कुणाकडे अनुदान मागितलेलं नाही.