बसते नं भाऊ!

प्रताप नगरातल्या एखाद्या गॅरेजसमोर जरा थांबावं. अर्ध्या इंची माथ्याच्या बोल्टावर १३चा पाना चढवलेला दिसतो. फरक ०.३ मिलिमीटरचा. ‘बसते नं भाऊ!’ असा निर्वाळा मिळतो, आणि बसतोही. बोल्टाचे कोपरे झिजेपर्यंत. आट्यांचा स्वभाव मात्र एवढा मिळूनमिसळून नाही. ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड, म्हणून ८च्या नटात सुरुवातीला लाजत-बिजत शिरतो आणि मग अडतो. इथं मिस्त्री पान्याला लांब पाइप लावतो.

पण मिस्त्रीलाच का बोला? १ ऑक्टोबर १९५८पासून सरकारनं देशात मेट्रिक वजनं आणायला सुरुवात केली. त्याच सुमारास आलेल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये पुढं अख्खं सरकार जाऊन बसलं. गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे इंची आट्यांची. मेट्रिकचा कायदा राबवणारे साहेब इंची बोल्टांच्या भरवशावर दौरे करत राहिले. नव्वदच्या दशकात तिला इसुझुचं जपानी इंजिन मिळालं, मग बॉनेटखाली मिलिमीटर आणि जुन्या सांगाड्याला इंच. डिकीत पाने दुप्पट.

मारुती आल्यावर इंच संपला म्हणतात. तिच्या टायरवर वाचा: १४५/७० आर १२. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात. आणि गोटी पान्यांचा अगदी अस्सल मेट्रिक सेट आणलात, तरी रॅचेटचा चौकोन इंचाच्याच मापाचा. सेट जर्मन असला तरी.