स्वल्पविरामाचे सुभेदार

चौथं प्रकरण कुठवर आलं, असं विचारलं की हे गृहस्थ छताकडे बघतात. संदर्भसूची कुठवर आली, असं विचारलं की खुर्ची पुढे ओढून बसतात. पीएच.डी.वाल्यांच्या गोतावळ्यात, विशेषतः लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये प्रबंध जुळवणाऱ्यांत, हा नमुना हमखास भेटतो. वरवर पाहता काम किरकोळ आहे: मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि साल टाकायचं, शेवटी सविस्तर यादी द्यायची. पण आडनाव आणि साल यांच्यामध्ये स्वल्पविराम की नुसती मोकळी जागा, दोन लेखकांमध्ये ‘अँड’ की त्याचं वेटोळं चिन्ह, ‘एट अल’ तिरपं की सरळ, यावर सुभेदारांचा अख्खा पावसाळा जातो. ही लेखक-साल पद्धत रूढ होण्याचं श्रेय हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधाला देतात, आणि तो निबंध होता बिनशंखाच्या गोगलगायीवर. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते या पद्धतीला तंतोतंत लागू आहे.

विभागातली मंडळी सुभेदारांना कामचुकार म्हणतात. मला हा आरोप पटत नाही. काम टाळणारा माणूस चहाच्या टपरीवर जातो. तो संदर्भसूची जुळवणाऱ्या, ओरेन पटाश्निक यांच्या बिबटेकची शैली-फाइल उघडून बसत नाही. १९८५ पासून चालत आलेल्या या प्रोग्रॅमची शैली ज्या भाषेत लिहायची, तिच्यात सगळं उलटं: आधी दोन मजकूर ढिगावर ठेवायचे आणि मग ‘जोडा’ असा हुकूम सोडायचा. ढिगावर एक शब्द जास्त उरला तरी प्रोग्रॅम कुरकुर करतो. शिवाय लाटेक, बिबटेक, पुन्हा लाटेक आणि पुन्हा एकदा लाटेक अशा फेऱ्या मारल्याशिवाय कंसातलं प्रश्नचिन्ह जाऊन तिथे नाव येत नाही. एवढे कष्ट आळशी माणसाच्या हातून होणार नाहीत. माझं म्हणणं असं, की संशोधनात निकाल लागेल अशी ही एकच जागा त्यांना सापडलेली असते. गृहीतक बरोबर की चूक हे मार्गदर्शकही सांगत नाहीत, ते नुसतं ‘बघू’ म्हणतात. स्वल्पविराम मात्र एकतर आलेला असतो, नाहीतर नसतो.

आणि या जागेवर खरोखरच राखण लागते. बिबटेक ‘अँड’ हा शब्द दोन लेखकांमधली भिंत समजतो. त्यामुळे ‘मिनिस्ट्री ऑफ हेल्थ अँड फॅमिली वेल्फेअर’ असं भाबडेपणाने भरलं, की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची वाटणी होते आणि नावं आखूड करणाऱ्या शैलीत ‘एम. ऑफ हेल्थ’ व ‘एफ. वेल्फेअर’ असे दोन सहलेखक यादीत येऊन बसतात. ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’चं ‘जी. ऑफ महाराष्ट्र’ होतं, जणू कुणी सरदार घराण्यातला माणूस. उपाय म्हणजे नावाभोवती महिरपी कंसांची आणखी एक जोडी. तो सुभेदारांना झोपेतही आठवतो. मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला जुझे गर्सन दा कुन्हा यांचं १९०० सालचं ‘द ओरिजिन ऑफ बॉम्बे’ टाळता येत नाही, आणि त्यांना ‘दा’खाली लावायचं की ‘कुन्हा’खाली, हेही कुणीतरी ठरवावंच लागतं. मराठी सूचीत क्षीरसागर ‘क’च्या रांगेत बसवायचे की वर्णमालेच्या शेवटी ज्ञानेश्वरांच्या शेजारी? एकाच लेखकाची एकाच सालातली दोन पुस्तकं आली तर २००४ अ आणि २००४ आ, की २००४ अ आणि २००४ ब? कुलकर्णी, जोशी, पाटील, जाधव यांची गर्दी तर विचारूच नका. बिबलाटेक या लाटेकच्याच संदर्भ-पॅकेजची लेखक-साल शैली एकाच आडनावाचे लेखक ओळखून त्यांच्यापुढे आद्याक्षरं लावते, तीही जुळली तर पूर्ण नाव उलगडते. लग्नपत्रिकेवर नावं छापतानाही इतकी काळजी कुणी घेत नसेल.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, तयार शैल्या पडल्या आहेत, संदर्भ सांभाळणारा झोटेरो आहे, बटण दाबा आणि मोकळे व्हा. बटण दाबता येतं, पण आपल्याकडची परिपत्रकं त्या बटणाला जुमानत नाहीत. विद्यापीठाला एपीए शैली हवी असते, मात्र साल शेवटी. शिकागो हवी असते, मात्र प्रकाशकाचं गाव प्रकाशकानंतर. तयार शैलीवर डोळे मिटून विश्वास टाकावा, तर खुद्द एपीएच्या मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीचं २००९ सालचं पहिलं मुद्रण इतक्या चुकांसह निघालं, की संस्थेला प्रती बदलून द्याव्या लागल्या. नियम सांगणाऱ्यांच्याच घरी ही तऱ्हा, मग सुभेदार स्वतःची शैली लिहायला बसले तर त्यांचं काय चुकलं?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सूची वाचतं कोण? यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतही साम्य मोजताना संदर्भसूची वगळायला सांगितली आहे. म्हणजे प्रबंधाचा हा भाग यंत्रसुद्धा सोडून देतं. पण बहिःस्थ परीक्षक सोडत नाहीत. प्रबंध हाती पडताच पुष्कळ परीक्षक तो मागून उघडतात आणि स्वतःचं नाव शोधतात. ते सापडलं, आद्याक्षरं बरोबर निघाली आणि सालही चुकलेलं नसलं, की पुढची तीनशे पानं ते बऱ्या मनाने चाळतात. चौथ्या प्रकरणाला हे भाग्य क्वचितच लाभतं.

सुभेदारांचा खरा दोष वेगळा आहे. सूची संपू नये असं त्यांना मनोमन वाटत असतं, कारण ती संपली की प्रबंध उरतो. म्हणूनच विद्यापीठाकडून नवं परिपत्रक आलं, की लेखक-साल पद्धत बंद आणि यापुढे चौकोनी कंसात फक्त आकडे, तेव्हा बाकीचे डोक्याला हात लावतात. सुभेदार चहा मागवतात, जुन्या शैली-फाइलची प्रत काढतात आणि तिला नवं नाव देतात. आकडा आणि चौकोनी कंस यांच्यामध्ये किती जागा सोडायची, हे परिपत्रकात दिलेलं नसतं.