वय दहा, स्वभाव शांत

पुणं हे पेन्शनरांचं गाव, असं आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकलं. पुढे हिंजवडी झाली, खराडी झाली, मेट्रो आली; तरी सकाळी सहाला कमला नेहरू पार्कात जाऊन पाहा, मूळ मालकांचा ताबा अजून सुटलेला नाही. म्हाताऱ्या माणसाला इथे बाक आहे, कट्टा आहे, आणि त्याच्या मतांसाठी वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांचा कोपरा आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र या गावात घर मिळता मिळत नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण अशा कुत्र्यांच्या जाहिराती लिहिण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे.

काम आलं बायकोमुळे. तिच्या ओळखीच्या मुलींचा एक गट आहे. आठवडाभर कंपनीत कोडिंग करतात आणि शनिवार-रविवार बेवारस कुत्र्यांना घरं शोधतात. त्यातली एक म्हणाली, "काका, तुम्ही लिहिता ना? मग आमच्या पोस्ट तुम्हीच लिहा." आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझं लिहिणं उपयोगाचं मानलं होतं. नाही कसं म्हणणार?

पिल्लांना जाहिरात लागत नाही. सकाळी फोटो टाकला की संध्याकाळी पिल्लू गेलेलं असतं. अडतात ते आठ-दहा वर्षांचे. कोणाच्या मालकाची बंगळुरूला बदली झालेली, कोणाची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली, कोणाच्या घरात बाळ आलेलं, तर कोणाच्या घरात व्हिसा. "तिकडे नेणं फार कटकटीचं आहे हो," असं सांगून लॅब्रॅडॉर इथेच ठेवलेला असतो. त्याच घरचा सोफा कंटेनरमधून न्यू जर्सीला सुखरूप पोचलेला असतो.

रस्त्यावरच्यांची गोष्ट वेगळी. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाला छोटी खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे. पण ज्याच्या मागच्या पायांवरून टेम्पो गेला किंवा ज्याला दिसेनासं झालं, त्याला सातारा रस्त्यावर कुठे परत सोडणार? नेहा पंचमियांनी 2007 साली सुरू केलेली रेस्क्यू ही संस्था किंवा मुंढव्याची ब्लू क्रॉस अशांवर उपचार करतात. पण उपचाराला अंत असतो, मुक्कामाला नसतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवारागृहात न्यायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. त्या अकरा दिवसांत देशात प्रत्येकाकडे कुत्र्यांविषयी मत होतं. जागा कोणाकडेच नव्हती.

तर माझी पहिली जाहिरात. मी लिहिलं: "वय दहा. स्वभाव शांत. कमी ऐकू येतं. दिवसातले चौदा तास झोपतो, उरलेल्या वेळात झोपायला जागा शोधतो. चोर आल्यास उपयोग होणार नाही. उपयोगासाठी कुत्रा हवा असणाऱ्यांनी फोन करू नये."

मुलगी म्हणाली, "काका, ही ॲडॉप्शनची पोस्ट आहे की वाड्यावरची पाटी? जरा इमोशनल लिहा ना."

पण दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तिने तीच टाकली आणि फोन खणखणू लागला. एवढे फोन डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पोस्टना कधी आले नव्हते. त्यातले निम्मे शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला होते, हे खरं. पण उरलेले कुत्र्यासाठी होते.

मुळशीला फार्महाउस असलेल्या एका गृहस्थांना राखणीला कुत्रा हवा होता. जाहिरातीतला चोरांविषयीचा मजकूर त्यांनी विनम्रता म्हणून वाचला होता. एका काकूंनी "व्हेज आहे का?" असं विचारलं. एकाने, जुनी ॲक्टिव्हा घेताना विचारतात तसं, "अजून किती वर्षं जाईल?" असं विचारलं. त्या प्रश्नावर मी अभ्यास केला. कुत्र्याच्या वयाला सातने गुणायचं, ही आपली पारंपरिक रीत चुकीची आहे. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 2020 साली लॅब्रॅडॉरच्या डीएनएवर वयाबरोबर उमटत जाणाऱ्या खुणा तपासून सूत्र काढलं: वयाचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्यायचा, त्याला 16 ने गुणायचं आणि त्यात 31 मिळवायचे. कपाटातून लॉग टेबल काढलं. एक वर्षाचा लॅब्रॅडॉर निघाला 31 वर्षांचा, म्हणजे लग्नाच्या वयाचा, आणि अजून चपला खातो. दहा वर्षांचा निघाला 68 चा. मी 68 चा आहे. आम्ही दोघं एका बॅचचे निघालो. वर्षं विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी म्हटलं, "माझ्याइतका जाईल." त्यांनी फोन ठेवला.

एवढं करून तो कुत्रा कुठेच गेला नाही. "तात्पुरता आपल्याकडे ठेवू," असं बायको म्हणाली. पुण्यात तात्पुरतं म्हणून जे जे केलं जातं, म्हणजे बॅरिकेड, वळवलेली वाहतूक, मांडवाचे खड्डे, ते पुढे कायम राहतं हे मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही.

त्याचं आधीचं नाव कोणाला माहीत नव्हतं. तोंडावरचे पांढरे केस आणि एकंदर बसण्याची पद्धत पाहून बायकोने त्याचं नाव अप्पा ठेवलं. आता अप्पाला अरे-तुरे कसं करणार? "अप्पा, जेवून घ्या. अहो, तिकडे ओलं आहे." मलाही ती गेली चाळीस वर्षं अहोच म्हणते. त्यामुळे स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक आली की ज्याला कमी ऐकू येतं तो उठून जातो आणि ज्याला नीट ऐकू येतं तो पेपर वाचत बसतो. मग "तुम्ही नाही, ते," असा खुलासा होतो. त्यातला 'ते' कोण, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं.

त्याच्या डोळ्यांत निळसर झाक आहे. ती पाहून आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने मोतीबिंदूचं निदान केलं आणि आपापल्या सर्जनचा नंबर दिला. व्हेट म्हणाल्या, मोतीबिंदू नाही. वयाने भिंग घट्ट होतं, तरी बऱ्यापैकी दिसतं. खरी अडचण फरशीची होती. आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, बिल्डरने आरशासारख्या चकचकीत म्हणून जास्त पैसे लावलेल्या. अप्पा उभे राहायला जात आणि मागचे पाय दोन दिशांना निघून जात. मग बायकोची योगासनांची मॅट पसरली. ती पुरेना म्हणून माझी, जी कोरी होती. मग पायपुसणी, सतरंज्या, जुन्या चादरी. आता दारापासून गॅलरीपर्यंत रस्ता झाला आहे आणि पाहुणेही नकळत त्यावरूनच चालतात.

त्या रस्त्याने एकदा सोसायटीचे सेक्रेटरी आले. हातात तक्रारवही. कुत्र्याला लिफ्टमधून न्यायचं नाही, असा ठराव बहुमताने झाला होता. कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमत असलं तरी. पशुकल्याण मंडळाची 2015 सालची तशी मार्गदर्शक सूचना आहे, असं मी सांगितलं. सोबत युधिष्ठिराचाही दाखला दिला. तोही हस्तिनापुरापासून चालत आलेल्या कुत्र्याला घेऊन वर निघाला होता आणि इंद्र "रथात कुत्रा चालणार नाही" म्हणून अडला होता. सेक्रेटरी म्हणाले, "इंद्राचं बरोबर होतं."

तेवढ्यात अप्पा उठायला लागले. आधी पुढचे पाय सरळ. मग थांबणं. एक सुस्कारा. मग डावीकडे भार टाकून उजवा मागचा पाय, आणि सगळ्यात शेवटी डावा. सेक्रेटरी वही मिटून बघत राहिले. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

"डावा का?" त्यांनी विचारलं.

"डावाच."

"एक्स-रे काढला? पावसाळ्यात जास्त होत असेल." मग आवाज खाली आणून, "माझ्याकडे एक गोळी आहे. अर्धी देऊन बघा."

ती गोळी देता येत नाही; माणसांच्या दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. हे त्यांना पटवायला लिफ्टच्या वादापेक्षा जास्त वेळ लागला. हल्ली ते लिफ्टचं दार अप्पांसाठी धरून ठेवतात आणि माझ्यासाठी सोडतात. त्यांच्या मिसेस सत्यनारायणाचा प्रसाद आणतात, तेव्हा शिऱ्यातले बेदाणे आधी काढलेले असतात. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मी एकदा सांगितल्यावर "देवाच्या प्रसादाने काही होत नसतं" असं त्या ठणकावून म्हणाल्या होत्या. पण बेदाणे काढतात.

म्हाताऱ्या कुत्र्याचा सगळ्यात मोठा गुण पहिल्या गणपतीत कळला. आम्ही नदीपात्राजवळ राहतो. पाऊस सुरू झाला की ढोलपथकांचा सराव सुरू होतो, आणि आमच्या काचांना कळतं की उत्सव जवळ आला. आसपासची तरणी कुत्री पलंगाखाली जातात, थरथरतात. अप्पा उताणे घोरत होते. पुण्यात सुखाने राहायचं तर श्रवणशक्ती हा अडथळा आहे. हा मुद्दा मी तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत घालतो: "ढोल-ताशाला हरकत घेत नाही."

आमची मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिने कळवलं की सॅन फ्रान्सिस्कोत मटव्हिल नावाची संस्था 2007 पासून फक्त सात वर्षांवरच्या कुत्र्यांना घरं शोधून देते, आणि म्हातारे कुत्रे म्हाताऱ्या माणसांशी जुळवून देण्याची तिथे खास योजना आहे. हिशेब साधा आहे. पिल्लू चौदा वर्षं जगणार आणि आपण? म्हाताऱ्याची झोप, जेवण, फिरणं आणि चिडचिड आपल्याच वेळापत्रकाने होते. चपला खायला त्याला दातही नसतात.

तेव्हापासून मी जाहिरातीत "ज्येष्ठांना प्राधान्य" असं घालतो. गेल्या महिन्यात नारायण पेठेतून एका आजींचा फोन आला. मी त्यांना प्रश्न विचारायचे, अशी पद्धत आहे. पण त्यांनीच मला विचारले. वेळेवर जेवतो का? रात्री बातम्या लावलेल्या चालतात का? उगाच लाडीगोडी तर करत नाही ना? सगळी उत्तरं पसंत पडल्यावर मी अडखळत विचारलं, "आजी, आमची एक अट आहे. कुत्र्याचं पुढे... म्हणजे तुमच्यानंतर कोण बघेल, त्याचं नाव लागतं."

"सत्त्याहत्तर वर्षांची आहे, अंदाज आहे मला. भाचीला विचारलंय. घेईन म्हणाली."

"वा! मग काळजीच नाही."

"कुत्र्याला घेईन म्हणाली," आजी म्हणाल्या. "माझ्याबद्दल काही बोलली नाही. रविवारी घेऊन या त्याला. चारनंतर."