किल्लीवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीही नसतं आणि ते कडेकोट बंदोबस्तात ठेवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. आमच्याकडे त्यांना किल्लीवाले काका म्हणतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त. ‘गुरुवारी टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे’ एवढीच ईमेल, पण तिच्या शेपटीला अगम्य अक्षरांच्या आठ-दहा ओळी. नवा भाडेकरू घाबरतो, व्हायरस आला म्हणून. “सही आहे ती,” काका समजावतात, “वाटेत कुणी मजकूर बदलला तर लगेच कळतं.” आमची टाकी परस्पर शुक्रवारी ढकलून कुणाला काय मिळणार, हे विचारायचं नसतं.

चुकून “म्हणजे काय हो?” म्हणालात की रविवारी सकाळी काका पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर. पूर्वी ईमेलचं थंडरबर्ड वेगळं, सही-कुलपाचं जीपीजी वेगळं आणि दोघांचं जुळवायला मध्यस्थ एनिगमेल. एवढं जमेपर्यंत दुपारची पानं वाढायची वेळ व्हायची आणि काका जेवूनच जायचे. 2020 साली थंडरबर्डने ही सोय पोटातच घेतली. काकांनी प्रगतीचं स्वागत केलं, पण पडेल चेहऱ्याने.

किल्ल्या दोन. एक गावभर वाटायची, दुसरी मरेपर्यंत कुणाला दाखवायची नाही. त्या घडताना यंत्राला बेभरवशाची हालचाल लागते, म्हणून काकांनी शेजारच्या आजींना माउस हलवत बसवलं. किल्ली केव्हाच तयार झाली होती, पण रामरक्षा संपेपर्यंत आजी थांबल्या नाहीत.

खरी गंमत पुढे. मिळालेली किल्ली त्याच माणसाची आहे ना, हे तिचा चाळीस अक्षरी ठसा समोरासमोर वाचून ताडायचं. काका हे लग्नाच्या पंगतीत करतात. “ए अमरावती, नऊ, डी दौंड, एफ फलटण...” फलटण ‘पी’वरून लिहितात, असं कुणीतरी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून म्हणालं. “ठशात ‘पी’ नसतोच! दहा आकडे आणि ‘एफ’पर्यंतची अक्षरं, बस्स.” मग त्यांनी प्रत्यक्ष व्याह्यांकडे आधार कार्ड मागितलं. ओळख पटल्याशिवाय दुसऱ्याच्या किल्लीवर सही करायची नाही, हा नियम. त्याला सोयरीक अपवाद नाही.

एवढं करून गुपित काय? एकदा त्यांनी काकूंना कडेकोट बंद केलेली ईमेल पाठवली. पण त्या काळी कुलूप फक्त मजकुराला लागे, विषयाची ओळ उघडीच जाई. आणि विषय होता, ‘कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात’.

कुणी हसलं की काका दाखले देतात. 1999 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी बारा जणांना पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर दिलं, वर दीड तास दिला. चौघांनाच नीट जमलं आणि तिघांनी तर गुपित उघडंच पाठवून दिलं. अमेरिकी सरकारची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनने ग्रीनवाल्ड या पत्रकारासाठी पीजीपीचा खास व्हिडिओ करून धाडला, तरी त्याने कित्येक आठवडे ते बसवलं नाही. “आणि आमच्या आजींनी एका बैठकीत केलं!” यावर बोलणं खुंटतं. आजींना पुढे एकही ईमेल पाठवायची नव्हती, ही बाब अलाहिदा.

काकांचा खरा घात 2016 साली झाला. व्हॉट्सअॅपने न विचारता सगळ्यांचे निरोप कुलूपबंद करून टाकले. ना किल्ली घडवली, ना ठसा ताडला, आणि सुप्रभातचे गुलाबसुद्धा गुप्त! काका कितीतरी दिवस ग्रुपवर गप्प होते. मग कुठल्याशा कोपऱ्यात त्यांना सापडलं, की तिथेही प्रत्येक जोडीचा साठ आकड्यांचा एक क्रमांक असतो आणि तो दोघांनी ताडून बघता येतो. चेहरा एकदम खुलला. परवा लिफ्टमध्ये मी आयता सापडलो. चौथा मजला आला तेव्हा आमचे जेमतेम निम्मे आकडे झाले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तळमजल्याचं बटण दाबलं.