लेकराच्या दाखल्यावर ‘नकुशी’ नको

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. सातारा जिल्ह्यातल्या शेकडो मुलींच्या वाट्याला आलेलं नाव होतं नकुशी. कुठे नकुसा, कुठे नकोशी. उच्चार गावागणिक बदलतो, अर्थ बदलत नाही. तू यायला नको होतीस.

ही मुलगी शाळेत जाते. गुरुजी हजेरी घेतात. रोज सकाळी, चाळीस पोरांच्या समोर, तिला ‘हजर’ म्हणावं लागतं. नको असलेली मुलगी हजर. पहिलीपासून दहावीपर्यंत हे किती वेळा होत असेल, मोजा.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींचं जाहीर कार्यक्रमात नव्याने नामकरण झालं. कुणी सिनेनटीचं नाव घेऊन ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. नव्या नावाचं प्रमाणपत्र हातात पडलं. सरकारी कार्यक्रमांबद्दल चांगलं लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते. हा कार्यक्रम मात्र शंभर टक्के योग्य होता. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं. तिथल्या लेकींवर हे नाव त्यांच्या जन्मानंतर १८० वर्षांनीही चिकटलेलं असावं, ही लाज सगळ्या महाराष्ट्राची होती.

हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, जुन्या लोकांत वाईट नावं ठेवायची रीतच होती. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी नव्हते का?’ होते. पण ती नावं का ठेवली जात, हे म्हणणाऱ्याने आठवावं. पाठोपाठ मुलं दगावलेल्या घरात मूल जन्मलं की आईबाप धास्तावत. दृष्ट लागू नये, मृत्यूने ढुंकूनही पाहू नये, म्हणून पोराला केरकचऱ्याचं नाव देत. काही घरांत तर मूल केरावर ठेवून सुपातून परत घेत किंवा शेजारणीला देऊन चार पैशांना ‘विकत’ घेत. दगडू म्हणजे दगडासारखा टिकून राहा. (धोंडू हे नाव कधी धोंड्याच्या महिन्यात जन्मल्यामुळेही पडे, ते वेगळं.) त्या ओबडधोबड नावांत आईचा जीव गुंतलेला असे. आपलं मूल जाऊ नये, एवढंच तिचं मागणं.

नकुशीत नेमकं उलटं आहे. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की तिला नको म्हणायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होईल, ही समजूत. नाव तिचं, पण आळवणी न जन्मलेल्या भावासाठी. मुलग्याला दगड म्हटलं ते तो राहावा म्हणून आणि मुलीला नको म्हटलं ते तिच्यासारखी दुसरी येऊ नये म्हणून. या दोन रीती एका मापाने मोजू नका. आणि ‘भाबडेपणा होता बिचाऱ्यांचा’ हेही पुरे. भाबडेपणाची किंमत त्या मुलीने हजेरीपटावर चुकवली.

हे साताऱ्यापुरतं मात्र नाही. बंगालीत आन्नाकाली नावाच्या बायका होत्या; ‘आर ना काली’, म्हणजे कालीमाते, आता पुरे. हरयाणात भतेरी, म्हणजे बास झाल्या. तमिळमध्ये वेण्डाम, सरळसरळ ‘नको’. चीनमध्ये मुलीचं नाव झाओदी, अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावणारी’. भाषा कुठलीही असो, मुलीच्या नावावर उभं राहून लोक मुलग्याची वाट पाहत बसले.

आता एक कडू गोष्ट. जिचं नाव नकुशी ठेवलं, ती निदान जन्मली. सोनोग्राफी गावोगाव पोचली तेव्हा नको म्हणायला बारशापर्यंत थांबायची गरज उरली नाही. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली १९९१ला ९४६, २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४. म्हणजे साताऱ्यात २८५ जणींना नवी नावं मिळाली, त्याच वर्षीच्या जनगणनेत हा आकडा आणखी खाली गेला होता. हजेरीपटावरून नकुशी कमी झाल्या म्हणून फार सुखावू नका. काही घरांत त्या हजेरीपटापर्यंत पोचल्याच नाहीत.

आणि मोठ्या हौसेने ठेवलेलं नाव तरी मुलीचं स्वतःचं कुठे राहतं? लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि वीस-पंचवीस वर्षांची ओळख तिथेच पुसली जाते. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. दोघींनी नव्या नावाचं सोनं केलं हे खरं, पण ते नाव त्यांना कुणी विचारून दिलेलं नव्हतं. नवऱ्याचं आडनाव लावणं कायद्याने सक्तीचं नाही, हे आजही कित्येक मुलींना लग्नाआधी कुणी सांगत नाही. मला हा ताटातला खेळ मनापासून आवडत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी लिहावं. पण काय लिहायचं ते आधी तिला विचारावं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. निर्णय उत्तम. आईचं नाव फार उशिरा कागदावर आलं. पण २०११ साली ज्या शाळकरी वयाच्या होत्या, त्या आज आई होण्याच्या वयात आहेत. २८५ जणींना नावं मिळाली. ज्या त्याआधीच शाळा सोडून गेल्या किंवा सासरी गेल्या, त्यांचं काय? त्यांचं बाळ आता सरकारी कागदावर ‘आर्या नकुशी’ म्हणून नोंदलं जाईल. एका पिढीला दिलेला नकार पुढच्या पिढीच्या नावाच्या ऐन मधोमध, सरकारी शिक्क्यासह.

हे थांबवता येतं. मूल शाळेत असेपर्यंत नावाची दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत तुलनेने सोपी असते. प्रौढ बाईला शासन राजपत्रात नाव बदलून घेता येतं आणि त्या कागदावर आधार, रेशनकार्ड, बँक अशा बाकीच्या नोंदी बदलता येतात. पण फॉर्म भरायचा, कागद जोडायचे, खेटे घालायचे. शेतावर राबणाऱ्या बाईने हे एकटीने करावं ही अपेक्षा चुकीची आहे. गरोदर बाईची नोंद आशाताईंच्या वहीत सगळ्यात आधी होते. त्या वहीत नकुशी, नकुसा, नकोशी असं नाव दिसलं की आशाताईंनी ग्रामसेवकाला सांगावं, ग्रामसेवकाने अर्ज भरून द्यावा आणि खर्च ग्रामपंचायतीने उचलावा. तुमच्या भावकीत, वस्तीवर, कामाला येणाऱ्या बायकांत अशी कुणी असेल तर बाळंतपणाआधी तिच्याकडे जा. तिला कुठलं नाव आवडतं, ते विचारा. आणि त्या दिवसापासून तिला त्याच नावाने हाक मारा.