बाहेर कुणी जायचं?

मार खाल्लेली बाई रात्री दोन पोरं घेऊन घराबाहेर पडली की गल्ली तिला विचारते, 'आता कुठं जाणार?' मारणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. तो आत कडी लावून झोपलेला असतो. घर त्याचंच, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं असतं. तिनंसुद्धा.

आपली सगळी मदत इथूनच सुरू होते. बाई बाहेर आलीच आहे, तर तिला ठेवायचं कुठं? माहेर चार दिवस ठेवतं. पाचव्या दिवशी वडील जावयाला फोन लावतात. सरकारनं 1 एप्रिल 2015 पासून 'सखी वन स्टॉप सेंटर' ही योजना आणली. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन असं सगळं एका छताखाली, आणि तात्पुरता मुक्काम. चांगली योजना आहे आणि ती हवीच. पण मुक्काम पाच दिवसांचा. आता कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा उघडा. 2005 चा हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 ला लागू झाला. त्यात म्हटलंय की अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लावावी आणि पुढं साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. तारखा कशा पडतात ते कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात एक दुपार बसलेल्या कुणालाही माहीत आहे. पण कायद्याचे साठ दिवस खरे धरले तरी मुक्काम पाच दिवसांचा आणि निकाल साठ दिवसांचा. मधले पंचावन्न दिवस ती कुठं झोपणार?

पुढची सोय म्हणून स्वाधारगृहं आहेत, आता त्यांना 'शक्ती सदन' म्हणतात. तिथं जास्त दिवस राहता येतं. पण मुलगा जरा मोठा झालेला असला की आईला आत घेतात आणि त्याला दुसरीकडं पाठवतात. आठवीतल्या पोराला एकट्याला कुठं सोडू, म्हणून माघारी फिरणाऱ्या बाया आहेत. मग आपण म्हणतो, 'बघा, परत गेली ना नांदायला.'

संस्था नेमक्या या पंचावन्न दिवसांत कामाला येतात, आणि त्यांचं काम दिसतं त्याहून बारीक असतं. बाईचा फोन आला की अनुभवी कार्यकर्ती पहिलं सांगते, 'ताई, कपडे ऱ्हाऊ देत, कागद तेवढे घेऊन या.' आधार कार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, लग्नाचा एखादा फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. रेशन कार्ड मात्र नवऱ्याच्या कपाटात असतं. नवं कार्ड काढायचं तर जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी जुनं कार्ड मागतात. ज्याच्या मारातून सुटून आली त्याच्याच दारात कार्ड मागायला जायचं! इथं संस्थेची बाई सोबत जाते, पुरवठा कार्यालयात उभी राहते, साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर तिथंच बसून राहते. या बसून राहण्याला कुठला पुरस्कार नसतो. कोल्हापुरात अनुराधा भोसले यांच्या 'अवनि'नं वीटभट्टीवरच्या पोरांसाठी केलेलं काम लोकांना ठाऊक आहे. विधवा आणि सोडलेल्या बायांच्या हक्कांसाठीही त्या तितक्याच चिकाटीनं उभ्या राहिल्या. 'अवनि' म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा. त्यातल्या निवाऱ्याशी येऊन बहुतेक बायांची गाडी अडते.

कारण खोली मिळत नाही. घरमालक भाडं किती देणार हे नंतर विचारतो, आधी विचारतो, 'मिस्टर काय करतात?' वेगळी राहते म्हटलं की, 'एकट्या बाईला नाही देत ओ आम्ही, फॅमिलीलाच देतो.' दोन पोरं आणि आई ही याच्या लेखी फॅमिली नाही! आणि डिपॉझिट कुठून भरायचं? संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1500 रुपये मिळतात. पण बरीच वर्षं अट अशी आहे की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1750. दोन घरची धुणीभांडी धरली तरी बाई या अटीच्या बाहेर जाते. कामाला गेली तर अनुदान जातं, आणि अनुदानावर राहिली तर खोली मिळत नाही.

हे कोल्हापुरात घडतं, याची मला जास्त चीड येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावानं परगावच्या पोराला जागा नाही हे ऐकून घेतलं नाही. 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. शिकायचं तर आधी राहायला जागा पाहिजे, हे शाहू महाराजांना कळलेलं होतं. त्याच महाराजांनी 1919 मध्ये बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध संस्थानात कायदा केला. दिल्लीला घरातल्या मारहाणीसाठी वेगळा दिवाणी कायदा करायला त्यानंतर 86 वर्षं लागली. महाराजांच्या नावाचे फलक चौकाचौकांत आहेत. सुटून आलेल्या बाईला पोरांसकट, मोठ्या मुलासकट, सहा महिने राहता येईल असं बोर्डिंग या शहरात का नसावं? प्रत्येक समाजाच्या ट्रस्टकडं इमारती आहेत. चार खोल्या बाजूला काढायच्या म्हटल्या तर काढता येतात.

पण बोर्डिंग झालं तरी माझं समाधान होणार नाही. कारण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातलं सगळ्यात धारदार कलम आपण म्यानातच ठेवलंय. कलम 17 म्हणतं, घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात. त्याला! तिनं घरात राहायचं, पोरांनी त्याच शाळेत जायचं, आणि त्यानं आपली सोय बघायची. ते जमण्यासारखं नसेल तर त्यानं तिला तशाच दर्जाची दुसरी जागा द्यायची, नाहीतर भाडं भरायचं. 'घर माझ्या नावावर नाही, बापाच्या नावावर आहे' ही पळवाट बरीच वर्षं चालली. 15 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंद्र आहुजा खटल्यात ती बुजवली. सासऱ्याच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं, असं स्पष्ट सांगितलं. वरच्या कोर्टात जायची वेळ आली तरी ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. मग अर्जात पहिली मागणी 'त्याला बाहेर काढा' अशी का नसते? पोटगीचा आकडा ठळक असतो, घराची ओळ शेवटी असते, कित्येकदा नसतेच.

त्याचं एक कारण 'मिटवून घ्या' हे आहे. समुपदेशनाच्या नावाखाली आजही ठिकठिकाणी बैठक बसते. दोन्हीकडची माणसं बोलावतात, नवरा हात जोडतो, स्टँपपेपरवर लिहून देतो, आणि पोरांकडं बघून बाईला परत पाठवतात. फाइल बंद होते आणि यशस्वी तडजोडीच्या रकान्यात एक आकडा वाढतो. सहा महिन्यांनी ती कुठं आहे, हे बघणारा रकाना नसतो. माझं संस्थांना स्पष्ट सांगणं आहे: तुमच्या अहवालात किती घरं जुळवली ते छापू नका. किती बायांना घर मिळालं ते छापा.

घराची ही मागणी नवी नाही आणि मुंबई-दिल्लीहून आलेली तर नाहीच. ऐंशीच्या दशकात शेजारच्या सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं टाकलेल्या बायांना एकत्र आणलं. बहे गावात त्यांनी ग्रामपंचायतीकडं घर बांधायला जागा मागितली, स्वतःच्या नावावर. त्याच काळात संगमनेरला 1988 मध्ये समता आंदोलनाची परित्यक्ता परिषद झाली. अॅड. निशा शिवूरकर यांनी तो सगळा लढा 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात मांडला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. गावातल्या बायांना हिशेब तेव्हाच कळला होता: उताऱ्यावर नाव असेल तर हात उगारणारा आधी विचार करतो.

कोल्हापूर जिल्ह्यानं अलीकडं याहून अवघड गोष्ट करून दाखवलीय. 4 मे 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. तेही शाहू स्मृतिशताब्दीच्या वर्षात. पंधरवड्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. शेकडो वर्षांची रूढी गावानं एका बैठकीत नाकारली. मला हेरवाडचा अभिमान आहे, आणि म्हणूनच पुढचं मागायचंय. कुंकू राहिलं, आता घर राहू दे. दिरानं उतारा परस्पर फिरवला तर बांगड्या घालून ती बाई कुठं बसणार?

घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, हा ग्रामपंचायतींना आदेश 2003 पासूनचा आहे. ही नोंद असते तो कागद म्हणजे नमुना 8. त्यावरचं नाव हा मालकीचा शेवटचा पुरावा नाही, हे खरं. पण 'तू इथली कोण?' असं विचारणाऱ्यापुढं ठेवायला तिच्या हातात एक सरकारी कागद येतो. शहरात घर घेणाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार वाचतात.

गावात नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांच्या वहीत होते. येत्या खेपेला बचत गटाच्या बायांनी तिथं खरंच बसावं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं नमुना 8 चं रजिस्टर मागावं. एकेका घराचा क्रमांक वाचायला लावावा. ज्या घरापुढं एकट्या पुरुषाचं नाव येईल, त्याचा अर्ज तिथंच लिहून द्यावा. ठराव सूचक आणि अनुमोदकासह नोंदवून घ्यावा, आणि वही मिटायच्या आत त्याची नक्कल मागून घ्यावी.